खंडेनवमीचं बटण

आमच्या कापूस-संशोधन केंद्रात वर्कस्टेशन आलं, तेव्हा त्याच्यासाठी एसी आला, यूपीएस आला आणि चपला बाहेर काढायची पाटी आली. माणसांसाठी एक पंखा होता. तो उन्हाळ्यात दुरुस्तीला जायचा.

त्या यंत्रावरचा एडिटर तऱ्हेवाईक होता. लिहायला बसलात की तो फक्त लिहून घेतो. लिहिलेलं जपून ठेवायचं असेल, तर आधी डाव्या कोपऱ्यातलं एस्केप बटण दाबून लिहिण्यातून बाहेर पडायचं आणि मग हुकूम द्यायचा. बाहेर न पडता हुकूम दिला, तर तो हुकूमही मजकूर समजून उतरवून घेतो. सरकारी नोकरीत मुरलेल्यांना यात नवीन काही वाटलं नाही.

अनसूया जोशी ही आमची कनिष्ठ संशोधन सहायक. तीन हंगाम तिनं कपाशीचा एक वाण लहान मुलासारखा सांभाळला होता. त्याचा अहवाल संध्याकाळच्या गाडीनं साहेबांबरोबर पुण्याच्या बैठकीला जायचा होता. तो चुकला तर वाणाचा विचार थेट पुढच्या वर्षी, तोही कुणाला आठवलं तर. सकाळपासून ती टायपायलाच बसली होती. शेवटचा परिच्छेद उरला होता, तेवढ्यात दिनकरराव साहेब पूजेचं ताट घेऊन आत आले. खंडेनवमी होती.

"चालूच राहू द्या," साहेब म्हणाले. "पडदा उजळलेला असला की फोटो चांगला येतो."

साहेबांच्या घरात पौरोहित्य पिढीजात. त्यामुळे शुभारंभ पहिल्या बटणापासून, म्हणजे डाव्या कोपऱ्यातून झाला. हळद, कुंकू, फूल आणि वरून पळीभर पंचामृत. मध आणि साखर एस्केपच्या पोटात उतरली. फोटो काढला, प्रसाद वाटला.

त्यानंतर अनसूयानं एस्केप दाबलं. ते खाली बसलं आणि तिथंच राहिलं. नखानं उचललं, पुन्हा दाबलं, काही नाही. अहवाल पडद्यावर दिसत होता, पण यंत्राच्या पोटात अजून गेला नव्हता. रोजच्यासारखी दिवेलागणीला वीज जाणार होती, आणि यूपीएसचा दम आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. चहा उकळेपर्यंतसुद्धा तो टिकायचा नाही.

"बंद करून चालू करा की," सांख्यिकी विभागाचे व्यंकटराव म्हणाले. प्रत्येक संकटावर त्यांचा हा एकच तोडगा.

"बंद केलं तर अहवाल जाईल, सर."

"मग बटण पुसा."

दारातून शिपाई मुंजाजी म्हणाला, "पुसू नगा, ताई. पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापस्तोर हात लावत न्हाईत. त्यात सायबाच्या हातचं कुंकू हाय. मी तर बघायलो बी न्हाई तिकडं."

साहेबांच्या पंचामृतानं बटण चिकटलं, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणीच म्हणत नव्हतं. कंपनीचा इंजिनिअर औरंगाबादहून यायचा; पण नामांतराच्या आंदोलनानं एसटी बंद होत्या, आणि तो कारण सापडलं की खूश असायचा.

अनसूया हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "व्यंकटराव सर, काम थांबवायला आपण कंट्रोल धरून सी दाबतो, तेव्हा पडद्यावर काय उमटतं?"

"टोपीसारखी खूण. आणि पुढं सी."

"म्हणजे टोपी म्हणजे कंट्रोल. आणि एडिटर उघडलेला नसताना चुकून एस्केप दाबलं की?"

व्यंकटरावांनी डोकं खाजवलं. "टोपी आणि चौकोनी कंस. तो कचरा असतो, बाई."

"मला नाही वाटत तो कचरा असेल. कंट्रोल आणि कंस, म्हणजेच एस्केप," ती म्हणाली. तिनं कंट्रोल धरला आणि चौकोनी कंस दाबला.

यंत्र एकदा टुणकन वाजलं. नंतर तिनं हुकूम दिला, आणि या वेळी तो मजकुरात न उमटता सगळ्यात खालच्या ओळीत उमटला. फाईल जपली गेली. मुंजाजीनं तेवढ्यात तिकडं बघून घेतलं.

"म्हंजी मागचं दार हाय व्हय याला?"

प्रिंटर करकरत असताना वीज गेली. शेवटचं पान यूपीएसनं कण्हत बाहेर काढलं. साहेब गाडी गाठायला निघाले, तेव्हा त्यांच्या पिशवीत अहवाल होता. "बघा," ते म्हणाले, "पूजा झाली की कामं कशी मार्गी लागतात." आम्ही माना डोलावल्या. अनसूयानंही डोलावली.

दसऱ्यानंतर ते बटण धुतलं, तरी नीट सुधारलं नाही. मग अनसूयानं एडिटरच्या सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ घातली: लिहिताना लागोपाठ दोन अर्धविराम दिले की ते एस्केप समजावं. आमच्याकडे शिकलेली पोरं अजून दुसरीकडे जाऊन दोन अर्धविराम देतात आणि काही होत नाही म्हणून चकित होतात.

पुढच्या खंडेनवमीला साहेब ताट घेऊन आले, तेव्हा अनसूया उभीच होती.

"सर, या वर्षी उजवीकडून. वरच्या ओळीतलं हे बारा नंबरचं बटण."

"याचं काम काय?"

"आजवर तरी काही लागलं नाही."

"मग बरोबर आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पंचामृताची पळी उचलली.

फुलाऐवजी मुंजाजीनं खिशातून एक फुटलेलं बोंड काढलं. मानवतच्या बाजूला बारा शेतकऱ्यांच्या रानात अनसूयाचा वाण त्या वर्षी पहिल्यांदा उभा होता, त्यातलं ते. तो ते बटणांवर ठेवायला निघाला.

"तिथं नको," अनसूया म्हणाली. "सरकी आत जाईल." तिनं ते त्याच्या हातातून घेतलं, जरा वेळ निरखलं आणि पडद्याच्या डोक्यावर ठेवलं.