अकोल्याच्या धरण्यातली पासोडी

मी पासोडी बोलतेय. दर्यापूरच्या कोष्ट्यांच्या आळीतल्या मैनाबाईची. माझ्यावर बसायचं असेल तर बसा, पण हात पुसून बसा. साहेबाचे बूट, वकिलाची तपकीर आणि धरण्याला आलेल्या लोकांच्या पानाच्या पिंका, एवढं सगळं मी एका दिवसात अंगावर घेतलं आहे. तेव्हापासून माणसांच्या स्वच्छतेवरचा माझा विश्वास उडाला.

माझा जन्म कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आलं त्या सुमाराचा. मैनाबाई तेव्हा भगवंतराव पाटलाच्या शेतात कापूस वेचायला जायची. वेचणीची मजुरी कापसातच मिळायची. संध्याकाळी वेचलेल्या ढिगातून आपला वाटा पदराच्या ओटीत घेऊन ती घरी येई, सरकी काढी, पेळू वळी आणि चरख्याशी बसे. तिचा नवरा नत्थुजी त्या सुताचं कापड विणी. असंच एका हिवाळ्यात त्यांनी मला विणलं. अंगानं जाड, दुहेरी, आणि लाल रंगाचा करवती काठ.

कोष्ट्याच्या घरात चांगलं कापड राहत नाही, ते विकायचंच असतं. पण मला मागावरून उतरवलं तेव्हा मैनाबाईनं माझ्यावर हात ठेवला.

"हे इकू नका," ती म्हणाली.

"काहून?" नत्थुजीनं विचारलं.

"आयुष्यभर दुसऱ्यायले पांघरवलं. आपल्या घरात आपलं येक तरी असू द्या."

नत्थुजी हसला आणि मी घरात राहिले. ते माझे सुखाचे दिवस.

मग तिकडे अमेरिकेत भाऊ भावाशी लढायला उठला आणि इकडे दर्यापुरात आमचा चरखा थांबला. नवल वाटेल, पण झालं असंच. इंग्रजांच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. लढाईनं तो बंद पडला, तशी त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. बोंड फुटायच्या आधीच दलाल शेतात येऊन उभे राहू लागले. भगवंतरावानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. त्याचं मला वाईट वाटलं नाही. शेतकऱ्याला चार बरे दिवस दिसले तर पासोडीनं का रडावं? पण त्यानं वेचणाऱ्या बायांना कापूस देणं बंद केलं. "पैसे घ्या, कापसाले हात लावू नका," म्हणाला. ते पैसे घेऊन बाया बाजारात गेल्या की तेवढ्या पैशात पूर्वीच्या निम्माही कापूस मिळत नसे.

आणि लोकांनी काय काय केलं म्हणून सांगू? वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारलं, आत सरकी कोंबली, माती मिसळली. ज्या कापसाला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहायचे, त्याच्यातच ही घाण. मला शिसारी यायची. तिकडे मुंबईत सरकारनं या लबाडीविरुद्ध कायदा केला म्हणे. साहेबाच्या गिरणीला कापूस चोख मिळावा म्हणून कायदा. इथल्या मागाला कापूस मिळावा म्हणून काही नाही. उलट विलायती कापडावरची जकात उतरवली.

नत्थुजी रिकाम्या मागापुढे बसून याचाच विचार करत राही. रात्री जेवताना मध्येच थांबे.

"वऱ्हाड कोनाचं?" तो एकदा म्हणाला. "नाव निजामाचं, कारभार साहेबाचा, अन् कापूस विलायतेतल्या गिरणीचा. मंग आमी कोनाचे?"

"तुमी आधी घास घ्या," मैनाबाई म्हणाली. तीही जेवत नव्हती.

शेवटी दर्यापूर आणि आसपासच्या गावांतल्या कोष्ट्यांनी मिळून हरताळ करायचं ठरवलं. माग बंद ठेवायचे आणि अकोल्याला जाऊन धरणं धरायचं. कापसाच्या कामावरचा एक मोठा साहेब तिथे बाजाराशेजारी तंबू ठोकून उतरला होता. मागणी एवढीच की वऱ्हाडातला थोडा कापूस वऱ्हाडाच्या बाजारात राहावा. साहेबाशी बोलायला इंग्रजी जाणणारा माणूस हवा, म्हणून अमरावतीहून मोरोपंत वकिलांना बोलावलं. मोरोपंत म्हणाले, "साहेबाला दाखवायला एखादं उत्तम कापड सोबत घ्या." सगळ्यांची नजर माझ्यावर आली.

"पासोडी येकली जानार नाई," मैनाबाई म्हणाली, आणि मला खांद्यावर टाकून पुरुषांबरोबर चालू लागली. तिला पाहून आणखी बाया निघाल्या.

वाटेत कापसाच्या बंड्यांची रांग संपत नव्हती. आमच्या पायाखालची धूळ आणि त्यांच्या चाकांची धूळ एक होत होती. अकोल्याच्या बाजारात तर हवेत कापूस तरंगत होता, लोकांच्या मिशांना चिकटला होता, नालीत कुजत पडला होता. कोष्टी ते पाहत होते. एका म्हाताऱ्यानं नालीतला एक पुंजका उचलला, बोटांनी पिळला, आणि कोणी पाहत नाही असं समजून उपरण्याच्या टोकाला बांधला.

तंबूपुढे मला अंथरलं. माझ्याभोवती शे-दीडशे लोक बसले. सगळेच काही दुःखानं आले नव्हते. काही फुटाणे वाटणार असं ऐकून आले होते. दोन-चार व्यापारी गाड्यांवरचा कर कमी व्हावा म्हणून आमच्या धरण्यात घुसले होते. पान खाऊन ते जिथे बसले तिथेच थुंकत होते. मोरोपंत आले तेव्हा त्यांचं धोतर माझ्या काठाला लागलं. मला लगेच कळलं, ते विलायती होतं. गिरणीच्या खळीचा वास जात नाही.

"आरडाओरड करू नका," ते लोकांना म्हणाले. "साहेबांना ती रुचत नाही. मी बोलतो."

साहेब बाहेर आला आणि बूट न काढता सरळ माझ्यावर उभा राहिला. मोरोपंतांनी लवून मुजरा केला. मैनाबाई तशीच उठून पुढे आली.

"साहेब, कापूस आमच्या मातीतला," ती म्हणाली. "तो तुमी नेता. त्याचंच कापड करून आमाले इकता, अन् त्याच्यावरची जकात बी उतरवता. आमच्या मागाले सूत नाई. थोडा कापूस इथल्या बाजारात ठेवाचा हुकूम करा. नाईतर आमी काय खावाव?"

मोरोपंतांनी ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. बराच वेळ सांगितलं. साहेबाचा चेहरा फुलत गेला. त्यानं मैनाबाईकडे पाहून मान हलवली आणि मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "बहुत अच्छा. रेल जल्दी आयेगी. बाई रेल में बैठेगी."

मैनाबाई मोरोपंतांकडे वळली. "पंत, म्या रेलगाडी कुठी मांगतली?"

"बाई, मोठ्या माणसापुढे आधी चार गोड शब्द बोलावे लागतात."

"बोलले ना तुमी गोड? आता माहे शबुद सांगा."

"आता नाही. ते प्रसन्न आहेत, त्यांना नाराज करू नका," मोरोपंत हळूच म्हणाले. मग त्यांनी साहेबाकडे वळून व्यापाऱ्यांच्या गाड्यांचा विषय काढला. तो मात्र नीट समजला असावा, कारण साहेबानं शिपायाकडून वकिलासाठी खुर्ची मागवली. मोरोपंत माझ्यावर खुर्ची ठेवून बसले आणि तपकीर ओढली. तिचा भुगा माझ्यावर पडला.

इतक्यात साहेबाचं लक्ष खाली गेलं. तो वाकला, माझा काठ बोटांनी चाचपला आणि काहीतरी बोलला. मोरोपंत आनंदानं म्हणाले, "नत्थुजी, भाग्यवान आहात. साहेब म्हणतात असं विणकाम त्यांनी पाहिलं नाही. त्यांना याचा नमुना विलायतेला पाठवायचा आहे."

नत्थुजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "घ्या ना साहेब," तो हात जोडून म्हणाला.

मैनाबाईनं माझी कड धरली. शिपाई कात्री घेऊन आला. तो एका बाजूनं ओढत होता, ती दुसऱ्या. मग नत्थुजीनं तिच्या हातावर हात ठेवला आणि तिनं कड सोडली. काठासकट वीतभर तुकडा कापून शिपायानं तो नमुन्यांच्या पेटीत टाकला.

कात्रीचं मला दुखलं नाही. दुखलं ते पुढचं. लोक उठले, अंग झटकलं, आणि "साहेब खुश झाला" असं एकमेकांना सांगत पांगले. पोटासाठी भांडायला आलेली माणसं शाबासकी घेऊन घरी चालली होती. त्या दिवशी मला साहेबाची घृणा वाटली, वकिलाची वाटली, पण सगळ्यांत जास्त त्या आनंदाची वाटली.

परतीच्या वाटेवर पूर्णेच्या पात्रात पाणी प्यायला सगळे थांबले. तिथे मैनाबाईनं नवऱ्याला विचारलं, "तुमी काहून देल्ली?"

"येवढ्या लोकात माह्या इनकामाले चांगलं कोनं कदी म्हनलंच नोतं," तो म्हणाला.

तिला बोलायचं खूप होतं. पण तिनं मला घडी घालून खांद्यावर घेतलं आणि वाट धरली.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव कोसळला आणि बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या एकेक करून उतरल्या. रेल्वे आली. ती कापूस घेऊन जाई आणि कापडाचे गठ्ठे घेऊन येई. एकदा बाजारात गठ्ठा सुटला तर आत लाल करवती काठाची चादर. करवतीचे दाते तसेच, लालही तसाच. फक्त अंग पातळ, आणि कोपऱ्यावर गिरणीचा छाप. भगवंतरावानं दोन घेतल्या. "स्वस्त पडते अन् दिसाले सारखीच," असं तो नत्थुजीलाच सांगू लागला. त्या महिन्यात नत्थुजीनं माग मोडला आणि रुळांच्या भरावावर माती टाकायच्या कामाला गेला.

मोरोपंत मागच्या वर्षी पुन्हा आले होते. आता त्यांच्या अंगावर साहेबी कोट होता. अमरावतीला देशी कारागिरीचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यांना मी हवी होते. "जे नाहीसं होत आहे ते जपलं पाहिजे," असं ते म्हणाले. कात्रीनं पडलेलं माझं भोक पाहून ते हळहळले आणि म्हणाले की आतून अस्तर लावलं तर दिसणार नाही.

"भोकच दाखवाचं असन तर न्या," मैनाबाई म्हणाली. "अन् त्याच्यापाशी मी उभी राहीन. कोनं केलं थे मी सांगीन, माह्या तोंडानं."

मोरोपंतांनी कोटाची बटणं लावली आणि ते गेले.

म्हणून मी अजून इथेच आहे. तुम्हाला एकच सांगते. गाऱ्हाणं घेऊन कोणाच्या दारी जाल तर ते आपल्या तोंडानं मांडा, आणि कोणी काठाची स्तुती केली तर आधी त्याच्या हातातली कात्री पाहा. बाकी मला काही नको. माझं सूत विरलं आहे, लाल रंग विटला आहे. नत्थुजी गेला. मैनाबाईनं ते भोक अजून शिवलेलं नाही. थंडीच्या दिवसांत त्यातून तिच्या पावलांना वारा लागतो. मग ती पाय पोटाशी घेते, वकिलाला एक सणसणीत शिवी देते आणि झोपी जाते.