अंगठ्याचं क्रीम

मामेभाऊ विश्वजीतनं आईसाठी क्रीम आणलं, तेव्हाच कल्याणीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लोणी काळभोरच्या मामांकडून गेल्या वीस वर्षांत आलेल्या वस्तू तिला बोटांवर मोजता आल्या असत्या. एक शाल, हुरड्याची एक पिशवी आणि वडील गेले तेव्हा दुखवट्याची साडी. अशा घरातला मुलगा पुण्याच्या वाहतुकीतून गाडी काढत नारायण पेठेत येतो आणि आत्याच्या हातांना लावायला महागाची डबी ठेवून जातो, हे काही तिच्या पचनी पडेना.

कल्याणी पेठेतल्याच एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचणं हा तिचा रोजचा धंदा. आर्जिनिन, सेरीन, ग्लायसिन, प्रोलिन. सगळी अमिनो आम्लं, शिवाय थोडा युरिया. माल अस्सल होता. फसवं काही निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं; क्रीम चांगलं निघालं म्हणून तिचा संशय आणखी बळावला.

आईच्या हातांना त्याची गरज होती, यात मात्र खोट नव्हती. यमुनाबाईंनी तीस वर्षं जेवणाचे डबे चालवले. सोड्याच्या पाण्यात पातेली घासून तळहात कोरडे ठणठणीत झालेले, बोटांची टोकं पार गुळगुळीत. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उठत नसे, दर महिन्याला कल्याणीला जाऊन स्वतःचा लावावा लागे. "मशीनच्या मते मी नाहीच," असं त्या हसत सांगायच्या. माहेरच्या मागच्या लग्नात त्यांनी तिकडच्या मंडळींनाही हे हसून ऐकवलं होतं.

कल्याणीनं आईला क्रीमचं गणित समजावलं. कातडीच्या वरच्या थरात अमिनो आम्लं मुळातच असतात आणि ओलावा धरून ठेवायला मदत करतात. साबण, सोडा त्यांना धुऊन नेतात, मग कातडी सुकते, तडकते. ती आम्लं बाहेरून लावली की थोडा ओलावा टिकतो, कातडी भरून येते आणि दबलेल्या रेषाही जरा वर येतात.

"म्हणजे माझा अंगठा उठेल?" यमुनाबाईंनी विचारलं.

नेमानं लावलं तर उठेलही, असं कल्याणी म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यानं चपापली.

सोलापूर रस्त्यालगत आजोबांची जमीन होती. सातबाऱ्यावर सोनबामामांच्या नावाखाली आईचंही नाव होतं. आसपास कॉलेजं उभी राहिल्यापासून त्या पट्ट्यावर सगळ्यांचा डोळा. आईनं हक्क सोडल्याचा कागद करायचा, तर तिचा अंगठा हवाच. कल्याणीनं हे सगळं आईला तिथल्या तिथे सुनावलं. यमुनाबाई ताडकन म्हणाल्या, की तुझं शिक्षण माझ्या भावावर संशय घ्यायला केलं नव्हतं. पुढचे दोन दिवस त्या लेकीशी कामापुरतंच बोलल्या.

विश्वजीत आता दर रविवारी यायला लागला. चहा घ्यायचा, आत्याचा हात हातात घ्यायचा आणि पेरू पिकलाय का बघावं तसा अंगठा उजेडात धरून बघायचा. कल्याणीनं नीट पाहून ठेवलं, तो फक्त डावा अंगठा बघत होता. सरकारी कागदावर डावाच लागतो, हे तिला ठाऊक होतं. प्रेमाला डावं-उजवं कधीपासून कळायला लागलं, असं विचारायचं तिच्या जिभेवर आलं, पण आईकडे बघून तिनं गिळलं. पहिली डबी संपली, त्यानं दुसरी आणली.

चौथ्या रविवारी सोनबामामा स्वतः आले. विहिरीवरच्या विजेच्या मीटरचं नाव बदलायचं हाय, यमीला उद्या घटकाभर कचेरीत यावं लागंल, म्हणाले. कागद बघू, असं कल्याणी म्हणाली, तर कागद वकिलाकडे असल्याचं उत्तर मिळालं. यमुनाबाईंनी मात्र येते म्हणून सांगून टाकलं. कल्याणीनं दुकानात रजा टाकली. आईला एकटं सोडायची तिची छाती होईना.

कचेरीत यमुनाबाईंनी यंत्राच्या काचेवर डावा अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. पुसून ठेवला, दाबून ठेवला, मग एकेक करून दहाही बोटं झाली. विश्वजीतचा चेहरा पडला. "आत्या, लावत व्हतीस न्हवं?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. अंगठा उठत नसेल तर अधिकारी बाईंसमोर बसून सगळं सांगावं लागेल, असं म्हणून कारकुनानं त्यांना आतल्या खोलीत धाडलं. विश्वजीतला हेच तर टाळायचं होतं, हे कल्याणीला त्या क्षणी कळलं.

अधिकारी बाईंनी कागद हातात घेऊन विचारलं, "मावशी, हा कागद कशाचा आहे?"

यमुनाबाई त्यांच्याकडे न बघता भावाकडे वळल्या. "दादा, तू सांग."

सोनबामामांची नजर फरशीवर खिळली. "घरचंच हाय, यमे," ते पुटपुटले. "तू हो म्हण."

बाईंनी मग कागद मोठ्यानं वाचला. वडिलोपार्जित जमिनीतला सगळा हक्क यमुनाबाई राजीखुशीनं सोडत होत्या. यमुनाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, मला हे मान्य नाही म्हणाल्या आणि उठल्या.

आपला संशय खरा ठरल्याचा कल्याणीला काडीचाही आनंद झाला नाही. घरी आल्यावर तिनं आईचा हात ओढून घेतला. दोन डब्या संपल्या आणि अंगठा होता तसाच कसा, असं तिनं विचारलं.

यमुनाबाईंनी साडी घोट्याच्या वर घेतली. त्यांच्या टाचांवर एकही भेग उरली नव्हती.

"तू समजावलंस त्या दिवसापासून इथं लावतेय."

कल्याणीला हसू फुटलं आणि अर्ध्यातच थांबलं. "सगळं कळलं होतं, तर मग कचेरीत गेलीस कशाला?"

यमुनाबाईंनी साडी खाली केली, पायांवर नीट पसरली.

"वाटलं, अंगठा उठला नाही की दादाला बोलावं लागेल," त्या म्हणाल्या. "तिथं तरी तो मला खरं सांगेल."