नावाची जागा

"पुढं वाचू का थांबू?" बिराजदार सरांनी चष्म्यावरून वर्गाकडं पाहिलं. कुणी हललं नाही, तसे ते पुढं वाचू लागले.

सरांची ही रीतच होती. सकाळच्या कथालेखनाच्या तासाला लेखकाचं नाव न सांगता कथा वाचायची, आणि शेवटी सांगायचं, ही अमक्याची. आज तर ते कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी निवडलेली कथा वाचत होते. वर्गातून एकच कथा छापली जाणार होती. गुरुपादप्पा त्यासाठीच इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या बाकावर बसला होता.

पण पहिल्याच वाक्याला त्याचं तोंड कडू झालं. त्याच्या कथेची सुरुवात होती, ‘निळ्या सरोवरावर चांदणं सांडलं होतं.’ आणि सरांनी वाचलं, ‘टँकर आजही आला नाही.’

आता टँकर ही काय कथेत घालायची गोष्ट आहे? लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा गुरुपादप्पा उदगीरहून बदली मागून इथं आला आणि नव्या कचेरीत पाणीटंचाईच्या टेबलावर बसला. दिवसभर टँकरच टँकर. कुठल्या गावाला किती खेपा, कुठल्या विहिरीचा तळ लागला, कोण सरपंच बोंबलत आलाय. त्यातून सुटका म्हणून तर तो लिहायचा. साहेबांच्या निरोपसमारंभाची कविता त्याची, जिल्हा झाला त्या दिवशीचं स्वागतगीत त्याचं. कचेरीत त्याला सगळे ‘लेखक’ म्हणूनच हाक मारत, आणि त्यात थट्टा किती, कौतुक किती, याचा त्यानं कधी हिशेब केला नव्हता.

"‘घरात तांब्याभर पाणी उरलं होतं,’" सर वाचत होते. "‘म्हातारी लेकाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. अमुक पूजेला बसला.’ इथं नाव नाही म्हणून मी अमुक म्हणतोय. ‘अमुकनं गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेतलं. पळी पंचपात्रीत बुडवली, उचलली, लिंगावर उलटी केली. पळीत काही नव्हतं. पंचपात्रीतही नव्हतं. ओठ मात्र हलत होते. मग त्यानं विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं आणि आत हाक मारली, आई, झाली माझी पूजा, जेव आता.’"

गुरुपादप्पाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ही पूजा त्याची होती. मागच्या महिन्यातली. त्यानं ती कुणाला सांगितली नव्हती, अगदी बायकोलाही नाही.

त्यानं मान वळवली. बायकांच्या बाकावर त्याची बायको जगदेवी खाली बघत बसली होती.

"ही जगदेवीबाईंची कथा," सर म्हणाले. "मला यातलं काही बदलावंसं वाटलं नाही. फक्त एक सांगायचंय बाई. तुमच्या माणसाला नाव नाही. नाव यायला पाहिजे तिथं तुम्ही जागा मोकळी सोडलीय. एखादं नाव घाला की."

जगदेवी उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "न्हाई घालता येत, सर."

"का बरं?"

तिच्या शेजारच्या दोन लग्न झालेल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि मग दोघींनी वळून गुरुपादप्पाकडं पाहिलं. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, मग कागदावर तरी कसं लिहायचं? हळूहळू सगळा वर्गच त्याच्याकडं बघू लागला. सरांच्या डोक्यात उजेड पडायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

"बरं बरं," ते गडबडीनं म्हणाले. "शनिवारी दुपारी मजकूर छापखान्यात जायचाय. तोवर ठरवा. जमणारच नसेल तर तसं सांगा. मग गुरुपादप्पांची कथा आहेच."

मुरुडचा एक मास्तर मागं बसायचा, त्याची कथा निवडली असती तर गुरुपादप्पानं त्याला चहासोबत मनसोक्त शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण बायकोला शिव्या कशा द्यायच्या? तिला या वर्गात आणलं कुणी? यानंच. लग्नाआधी तिचं कॉलेज एक वर्ष झालेलं, ‘चल, पुढचं पुरं कर’ म्हणून फॉर्म यानं भरला. खरं सांगायचं तर त्याला आपलं लिहिलेलं ऐकायला हक्काचं माणूस पाहिजे होतं. सुरुवातीला ती चार ओळी लिहायची आणि याला दाखवायची. हा त्यात गुलाबी पहाट घालायचा, दोन उसासे घालायचा. दिवाळीनंतर ती दाखवेनाशी झाली. घरकामातून वेळ मिळत नसेल, असं समजून याला बरंच वाटलं होतं.

आणि सर त्याच्या कथांना काय म्हणायचे? "भाषा गोड आहे तुमची." पहिल्या महिन्यातही हेच, परवाही हेच. एकदाच तेवढं वेगळं बोलले होते. "गुरुपादप्पा, तुमच्या कथेत कुणालाच कधी तहान लागत नाही हो." त्यानं ती तारीफ समजून घरी येऊन सांगितली होती. आता घरी जाताना ते आठवलं आणि सायकलचं पॅडल जड झालं.

मागं कॅरियरवर जगदेवी बसली होती. गोलाईचा बाजारचौक मागं पडला.

"बोला की काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू? चांगली लिवलीस."

"रागावलाव?"

"मी कशाला रागावू?"

रागावला नव्हताच तो. जळत होता. माझ्या तळव्यावर घडलेलं, म्हणजे माझं. ही दाराआड उभी राहून नुसती बघत होती, आणि कथा हिची? आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच दिवशी दुपारी कचेरीत फायलीआड कागद ठेवून त्यानं ते निळं सरोवर लिहायला घेतलं होतं. सकाळी ती कोरडी पळी हातात होती, आणि दुपारी हा चांदणं सांडत बसला होता. हे आठवलं आणि तो जास्तच जळला.

घरी आल्यावर चप्पल काढता काढताच त्यानं विषय काढला. रस्त्यात त्याला एक कारण सुचलं होतं, आणि कारण चांगलं घरंदाज होतं.

"ती कथा छापायची न्हाई," तो आवाज खाली घेऊन म्हणाला.

"का?"

"का म्हंजे? उद्या आईच्या कानावर गेलं तर? लिंगपूजा कोरडी केली म्हणून चार लोक बोलतील. मठात स्वामींसमोर उभं ऱ्हायला तोंड उरंल का? आई अन्न सोडंल."

जगदेवीनं त्याच्याकडं पाहिलं. तो खुंटीला पिशवी अडकवत होता, आणि ती एकदोनदा घसरली.

"तुमाला तसं वाटत असंल तर न्हाई छापायची," ती म्हणाली. "सांगा सरांना. तुमची द्या म्हणावं."

इतकं सोपं होतं तर. त्याच्या छातीतून एक आनंदाची लहर गेली, आणि ती गेल्याची त्याला लगेच लाजही वाटली. पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता. ‘निळं सरोवर’, खाली ठळक अक्षरात आपलं नाव, कचेरीत अंक या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय, हे सगळं त्याला दिसायलाही लागलं.

"गुरुपाद," आतून आईचा आवाज आला.

गुरम्माच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिवसभर ती भिंतीला टेकून बसायची. डोळे गेल्यापासून तिचे कान घरभर फिरत.

"काय ग आई?"

"कशाचं भांडायलाव दोघं?"

"भांडत न्हाई. कॉलेजातलं हाय."

"कॉलेजात तुझी लिंगपूजा कवापासून शिकवायलेत?" म्हातारी म्हणाली. "कोरडी पूजा म्हनलास न्हवं आता? मला ठावं हाय ते."

गुरुपादप्पा दाराच्या चौकटीत तसाच उभा राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाया कोन लागतं? रोज तबकात पानी पडल्याचा आवाज येतो. त्या दिशी आला न्हाई. पळी तेवढी वाजली."

"मग तू बोलली न्हाईस?"

"काय बोलू? तांब्यातलं पानी माझ्यासाठी ठिवलास, येवढं कळतंय की मला. उठून बोलले असते तर तुझी पूजाबी मोडली असती आन् पान्यासाठी वनवन करीत फिरला असतास. गुमान जेवले. शिवाला काय तान लागत न्हाई बाबा. मला लागती."

जगदेवी चुलीपाशी जाऊन पीठ काढू लागली होती. गुरुपादप्पाला कुठं बघावं कळेना. घरंदाज कारण म्हातारीनं दोन वाक्यांत काढून घेतलं होतं, आणि त्याखाली जे होतं ते आता उघडं पडलं होतं.

तो चुलीपाशी जाऊन बसला. "तू बघत व्हतीस तवा?"

"बघत व्हते की."

"मग मला का बोलली न्हाईस?"

"तुमी लपवून ठिवलं व्हतं, मग कशाला बोलायचं?" तिनं पिठात मीठ टाकलं. "पर मनातून जाईना. मग लिवलं."

मनातून जाईना. त्याच्या मनातून तर ते लगेच गेलं होतं. पूजा उरकली, डबा उचलला, कचेरी गाठली. हिच्या मनात ते महिनाभर राहिलं. वर्षभर सर वर्गाला ओरडून सांगत होते ते हेच असावं, पण गुरुपादप्पाला ते सरांच्या तोंडून कधी समजलं नाही. आता समजलं म्हणून जळणं थांबलं, असंही काही झालं नाही. रात्री भाकरी गोड लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवी कविता मागितली तर ‘वेळ नाही’ म्हणून तो सरळ उठून गेला.

शनिवारी सकाळी जगदेवीनं आपली कथा त्याच्या हातात दिली.

"नाव घातलीस?"

"न्हाई. तुमचं घेता येत न्हाई. आन् दुसऱ्या कुणाचं घालावं, ते मनाला पटंना." ती जरा हसली. "पूजा तुमी करायची आन् नाव कुण्या महादेवप्पाचं? सरांना सांगा, तसंच कोरं ऱ्हाऊ द्या. न्हाईतर तुमची द्या. तुमाला बरं वाटंल तसं करा."

बरं वाटंल तसं करा. ती टोमणा मारत नव्हती, हीच तर पंचाईत होती. त्यानं तिची कथा पिशवीत टाकली. पिशवीत त्याची स्वतःचीही होती. स्वच्छ अक्षरात, समास सोडून उतरवलेली.

वाटेत टँकर उभा होता आणि घागरींची रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. तो सायकलवरून उतरून चालू लागला. मनात सगळी जुळवाजुळव चालली होती. ‘सर, ती नको म्हणतेय.’ एवढंच तर म्हणायचं. खोटंही नव्हतं ते. तीच म्हणाली होती, तुमची द्या. सर दोन मिनिटं हळहळले असते आणि सरोवर छापखान्यात गेलं असतं.

स्टाफरूममध्ये सर एकटेच होते. "या. काय ठरलं बाईंचं?"

गुरुपादप्पानं पिशवीत हात घातला. हात आधी आपल्याच कथेवर गेला. बोटांना तो जाड कागद बरोबर कळला. क्षणभर त्यानं तो धरूनही ठेवला. मग सोडला, आणि खालची बायकोची कथा बाहेर काढली.

"हीच छापा," तो म्हणाला.

"आणि नाव?"

"पेन देता का, सर?"

टेबलाच्या कोपऱ्यावर पानं ठेवून त्यानं पहिली मोकळी जागा शोधली. कुणाला तरी शिक्षा म्हणून काढायला लावावीत तशी, सावकाश, त्यानं अक्षरं काढली. गुरुपादप्पा. मग दुसरी जागा. मग त्याखालची. सरांनी खुर्ची जवळ सरकवली, पण तो बसला नाही.

शेवटच्या पानावर तो थांबला. नाव त्याचं चांगलंच लांबलचक. कचेरीतल्या कुठल्याच रकान्यात ते कधी मावलं नव्हतं, निम्मं नेहमी बाहेर लोंबायचं. इथं मात्र एकदाही गर्दी झाली नव्हती, की पुढं जागा उरली नव्हती. जगदेवीनं प्रत्येक ठिकाणी बरोबर तेवढीच जागा सोडली होती.

त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि पेन सरांना परत दिलं.