थुंकल्याचा आवाज

प्रतिक्षा हिलम रोज निडीहून गाडीने पेणला कामाला जायची. पेणच्या बाजारात औषधांच्या दुकानावरच्या माळ्यावर सुजय सरांचं छोटं ऑफिस होतं. परदेशातल्या जुन्या कार्यक्रमांना सबटायटल लावायचं काम तिथे चालायचं. बहिऱ्या माणसालाही सगळं कळावं म्हणून बोललेला शब्द इंग्रजीत लिहायचाच, शिवाय दार आपटलं, कुत्रं भुंकलं, कोणी शिंकलं, तर तेही कंसात लिहायचं. प्रतिक्षा आश्रमशाळेत शिकली होती, पुढे रोह्याला बीए झाली होती. तिचे कान तयार होते, म्हणून पुसट आवाजाच्या फाइली तिच्याकडेच यायच्या.

त्या आठवड्यात आलेली फाइल मोठी होती. साठच्या दशकातला विलायती टीव्हीचा एक शनिवार, सकाळपासून रात्रीपर्यंत, जसाच्या तसा. लंडनची कुठलीशी कंपनी तो अख्खा दिवस इंटरनेटवर टाकणार होती. जुन्या माणसांना लहानपण आठवावं, म्हणून.

"मजा आहे तुझी," सुजय सर म्हणाले. "बसून टीव्ही बघायचा. मध्ये एका कार्यक्रमात आपल्याकडची माणसं बोलतात म्हणे, म्हणून त्यांनी मुद्दाम मराठी येणारं कोणी मागितलंय."

पहिला तासभर खरंच मजा वाटली. काळ्यापांढऱ्या चित्रात एक बाई केक भाजत होती. मग बाहुल्या नाचल्या, घोडे धावले. दुपारी एक विनोदी नाटक लागलं. त्यात नवऱ्याने बायकोच्या थोबाडीत मारली आणि लोक खो खो हसले. पुन्हा मारली, पुन्हा हसले. प्रतिक्षाने प्रत्येक वेळी कंसात 'हशा' असं लिहिलं. चौथ्यांदा लिहिताना तिला डबा उघडावासा वाटेना.

त्यानंतर प्रवासाचा कार्यक्रम सुरू झाला. टायवाला माणूस खुर्चीत बसून सांगत होता की, आता आपण मुंबईच्या दक्षिणेला, जंगलात राहणाऱ्या आदिमानवांना भेटायला जाऊ. नदी दिसली. पाण्यातले खडक दिसले, काठावरचा उतार दिसला आणि प्रतिक्षा खुर्चीत पुढे सरकली. ती कुंडलिका होती. त्या उतारावर आता त्यांच्या कातकरी वाडीचं समाजमंदिर होतं.

कुडाच्या झोपड्यांपुढे लंगोटीतला एक तरुण उकिडवा बसला होता. हातात शेपटीला धरलेलं काहीतरी. तोच टायवाला निवेदक म्हणाला, "उंदीर हे यांचं पक्वान्न. खाण्याआधी हा वनदेवतेचे आभार मानतो आहे."

निवेदकाच्या आवाजाखाली तो तरुण काहीतरी बोलत होता. प्रतिक्षाने मागे जाऊन पुन्हा ऐकलं. हेडफोन कानांवर दाबून धरला. तो तिच्याच बोलीत बोलत होता.

"ही चिचुंद्री हाय, साहेब. गटारातली. ही कोण खातो? कुत्रा पन खात नाय."

मग कॅमेऱ्यामागून दुसरा आवाज आला. स्वच्छ, शिकलेलं मराठी. "अरे, तोंड वाकडं करू नकोस. गोड लागतंय असं दाखव. साहेबांना उजेड जायच्या आत आटपायचंय."

"शेतातला उंदीर असता तर खाल्ला असता. आता भात उभा हाय, उंदीर कुठून आनू? हिचा वास मारतो."

"ए कातोड्या, तू कुठला नवाब लागून गेलास रे? घाल तोंडात." आणि तो आवाज हसला. ते हसणंही फाइलमध्ये होतं. तरुणाने ती भाजलेली चिचुंद्री तोंडाला लावली, दात रोवले आणि मान फिरवली. चित्र लगेच बदललं. खुर्चीतला टायवाला म्हणाला की, आपल्या घरचं रात्रीचं जेवण आता आपल्याला जास्तच रुचकर लागेल. प्रेक्षक हसले.

प्रतिक्षा उठून मोरीवर गेली आणि तिने चूळ भरली. तिने स्वतः लहानपणी भातकापणीनंतर बापाने बिळातून काढलेले उंदीर खाल्ले होते, आवडीने. त्याची तिला कधी लाज वाटली नव्हती. पण चिचुंद्रीचा वास तिला ठाऊक होता. घराच्या माळ्यावर मेलेली सापडली की हात दोनदा धुवावे लागतात. तो वास आता तिच्या नाकात बसला होता.

परत येऊन तिने सगळं लिहून काढलं. त्या तरुणाचं बोलणं आणि मागच्या माणसाचंही.

सुजय सरांनी वाचलं. मग म्हणाले, "बाप रे. त्या बिचाऱ्याचं राहू दे. पण हा दुभाष्या... तो तर पडद्यावर दिसतही नाही. त्याचं काढून टाक."

"का, सर?"

"अगं, इकडचाच कोणीतरी असणार. पेणचा नाहीतर रोह्याचा. उगाच आपल्याच माणसाचं कशाला जगाला दाखवायचं?"

"तोंडात घालणारा कोण होता मग, सर?" प्रतिक्षाने विचारलं. "तो आपला नव्हता?"

सर लाल झाले. "मला तसं म्हणायचं नव्हतं," ते म्हणाले आणि उगाचच मोबाइल बघू लागले. तिला त्यांची किळस आली. आजवर ती त्यांना चांगला माणूस समजत आली होती, म्हणून जास्तच आली.

संध्याकाळी वाडीवर पोचल्यावर ती घरी न जाता थेट गोदूबाईकडे गेली. वाडीत त्या काळातली तीच उरली होती. म्हातारी अंगणात बसून नदीचे बारके मासे साफ करत होती. प्रतिक्षाने पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून आणला होता. ऑफिसात तसं करायला बंदी होती.

"गोदूआजी, याला वळखतेस?"

गोदूबाईने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. मग लांब धरला. "मोतीराम," ती म्हणाली. "माजा दीर. तुला कुठं गावला गो हा?"

प्रतिक्षाने सांगितलं. गोदूबाईच्या हातातला मासा तसाच राहिला.

"मी नवी नवरी होते तवा. गोरे आले, पेटाऱ्या घेऊन. सगल्या बायांना लुगडी सोडून फाटकं नेसायला लावलं. मोतीरामला त्यांनी रोह्याच्या गटारातनं धरून आनलेली चिचुंद्री दिली. ती तोंडाला लावल्यापासून तो ओकत रायला. पानी पन पोटात ठरना."

"मग?"

"मग काय? नाव पडला ना. चिचुंद्र्या. रोह्याच्या बाजारात लाकडं विकायला गेला की पोरं मागून वरडायची. ते परक्यांचं सोड. आपली वाडी पन तेच बोलायची. लगीन ठरलं होतं त्याचं, ती पोरगी नाय बोलली. बोलली, त्याच्या तोंडाला तोंड कोन लावील." गोदूबाईने मासा टोपलीत टाकला. "तो सारखा सांगायचा, मी गिळली नाय, थुंकली. माज्या नवऱ्याला सांगायचा, सासूला सांगायचा, मलाही. कोनी ऐकलं नाय. शेवटी कोळशाच्या भट्टीवर गेला तो गेला. परत नाय आला."

"तुजा विश्वास होता, आजी?"

म्हातारीने हात फडक्याला पुसले. "मी पन हसायचे गो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रतिक्षाने ऑफिसात शिरताच तीच जागा पुन्हा लावली. मोतीरामने मान फिरवली तिथे आवाज वाढवला. निवेदकाच्या शब्दाखाली, चित्र बदलायच्या अगदी आधी, एक बारीकसा आवाज होता. थू. तिने तो पुन्हा पुन्हा ऐकला. मग कंसात लिहिलं: 'तो थुंकतो'. दुभाष्याची वाक्यं तिने तशीच ठेवली, त्याच्या हसण्यासकट.

उरलेला शनिवार तिने दात आवळून संपवला. संध्याकाळच्या कार्यक्रमात गोऱ्या पुरुषांनी तोंडाला काळा रंग फासून, ओठ रंगवून, दात काढत नाच केला. बायका टाळ्या वाजवत होत्या. शेवटी एका पाद्रीबाबाने शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलं, त्यांच्या राणीचं राष्ट्रगीत वाजलं आणि पडदा काळा झाला. तिने सगळं लिहिलं, एक शब्द गाळला नाही.

लंडनहून उत्तर आलं. काम आवडलं होतं. मात्र 'तो थुंकतो' हे काढावं, कारण तसा आवाज त्यांच्या माणसांना ऐकू येत नाही, असं कळवलं होतं.

सुजय सरांनी प्रतिक्षाचा हेडफोन मागून घेतला. खुर्चीत बसले. डोळे मिटून त्यांनी ती जागा ऐकली, मग दुभाष्याचं हसणंही ऐकलं. हेडफोन काढताना त्यांचं तोंड कडू झालं होतं.

"ऐकू येतं," ते म्हणाले आणि तिच्यासमोरच त्यांनी तसं लिहून पाठवलं. दुभाष्याबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत. प्रतिक्षानेही त्यांचे आभार मानले नाहीत.

महिन्याभराने तो शनिवार इंटरनेटवर आला. सबटायटल शाबूत होतं. पण सुरुवातीला कंपनीने एक पाटी लावली होती की, यातले विचार त्या काळच्या रीतीचे आहेत, प्रेक्षकांनी समजून घ्यावं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, किती निरागस होते ते दिवस! प्रतिक्षाने ते वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

रविवारी ती मोबाइल घेऊन गोदूबाईकडे गेली. सांगितलं, "आजी, तो खरा बोलत होता. थुंकला तो. आवाज हाय. मी लिवलाय, सगल्या जगाला दिसतो."

गोदूबाई पडद्याकडे बघत राहिली. नदी गेली, झोपड्या गेल्या. मोतीराम उकिडवा बसलेला दिसला. त्याने हात तोंडाकडे नेला तशी म्हातारीने आपला खरबरीत पंजा मोबाइलवर ठेवला. सगळं चित्र झाकलं गेलं.

"बंद कर गो."

"थुंकतो तेवढं तरी ऐक, आजी. पुढंच हाय."

"नको. एकदा त्याला तसा बघितलाय. परत कशाला?" तिने पंजा काढला नाही. हाताखालून टायवाल्याचा आवाज येत होता, मग लोकांचं हसणं आलं. प्रतिक्षाने घाईघाईने आवाज बंद केला.

मग म्हातारी म्हणाली, "मोतीराम लिवलंस का? नाव त्याचं?"

"नाय. तिथं नाव लिवत नाय."

"मग कोन थुंकला ते कसं कळंल?" असं म्हणून गोदूबाई उठली आणि चूल पेटवायला आत गेली.