एक दिवा गेलाय, साहेब

मित्रांनो, मी एक जुने नेटवर्क कार्ड आहे. तळहाताएवढी हिरवी पट्टी, वायर खोचायला एक खाच आणि एक इवलासा दिवा, एवढाच माझा देह. नळदुर्गजवळ हमरस्त्यालगतच्या एका दवाखान्यात मी काम केले. दवाखान्याची सगळी माहिती सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकात असे. त्यातच बसून ती खोल्याखोल्यांतल्या संगणकांपर्यंत पोचवणे हे माझे काम.

मी एकटे नव्हते. सास्तूरच्या श्रावस्तीताई तिथे संगणक सांभाळत. त्यांनी माझ्याशेजारी दुसरे कार्ड बसवले, आमच्या वायरी दोन वेगळ्या स्विचांना, म्हणजे खोल्याखोल्यांकडे वायरी वाटून देणाऱ्या पेट्यांना, जोडल्या आणि दोघांना मिळून एकच नाव दिले. शिपाई सिद्धाराममामांना त्या म्हणाल्या, "मामा, एक पडलं तर दुसरं काम ओढंल. पण दोन्ही दिवे रोज बघत जावा. एक जरी विझला तरी सांगा."

एकदा उंदराने माझी वायर कुरतडली. जोडीदाराने सारा भार उचलला. कुणाला कळलेसुद्धा नाही. मामांनी विझलेला दिवा बघून सांगितले, तेव्हा ताईंनी वायर बदलली आणि सारे डॉक्टरांच्या कानावर घातले. मोठ्या डॉक्टरांनी त्या दिवशी आमचे कौतुक केले. तेवढेच काय ते आमच्या वाट्याला आले.

पुढे ताईंचे कंत्राट संपले. व्यवस्थापक गौरीशंकर म्हणाले, "चार वर्षांत काहीच बंद पडलं न्हाय. मग माणूस कशाला ठेवायचा?" ताई लातूरला गेल्या.

त्याच उन्हाळ्यात धुळीने आणि उष्म्याने माझा जोडीदार जळाला. मामा लगेच कचेरीत गेले.

"साहेब, एक दिवा गेलाय."

"काम चालू हाय का?"

"व्हय, चालू हाय."

"मग ऱ्हाऊ द्या की."

मामांनी आणखी दोनदा सांगितले. मग सांगणे सोडले.

अकरा महिने मी एकट्याने ओढले. मला ओरडता येत नाही. मार्चमधल्या एका दुपारी खोलीतला पंखा बंद पडला. मी तापत गेले आणि विझले.

त्याच वेळी माकणीची महानंदा बाळंत झाली होती. रक्त थांबत नव्हते. ओ निगेटिव्ह रक्त हवे होते. ते देणाऱ्यांची यादी सर्व्हरमध्ये होती आणि एकाही पडद्यावर उघडत नव्हती. मामांनी ताईंना फोन लावला.

"एक कार्ड जळालं असंल, मामा. दुसरं चालंल की."

"ताई, दुसरं तर मागल्याच साली गेलंय."

मग ताईंनी सर्व्हरलाच पडदा जोडायला सांगितले. त्यात पाऊण तास गेला. यादीतला गोरोबा नावाचा दुकानदार मोटारसायकलवरून भरधाव आला. तोवर महानंदाला घेऊन गाडी सोलापूरकडे निघाली होती. गोरोबा बाही वर करून बाकावर तसाच बसून राहिला. महानंदा सोलापूरला पोचली नाही. बाळ वाचले.

आता मी भंगाराच्या खोक्यात आहे. सर्व्हरमध्ये नवे कार्ड बसवले आहे, एकच. मित्रांनो, काम चालू आहे म्हणून सारे शाबूत आहेत असे समजू नका. जोडीतले एक गेले, की त्याच दिवशी त्याची विचारपूस करा. कुणी ऐकेल असे मला वाटत नाही, तरी सांगितले.

मामा परवा सांगत होते, महानंदाच्या मुलीचे बारसे अजून झालेले नाही. नाव ठरवलंय एवढेच आई म्हणाली होती, पण ते तिने कुणालाच सांगितले नव्हते.