घामेजलेलं मिठागर

वर्गात मी पोरांना रोज सांगते, रंगांशी खेळा रे, घाबरू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! घरी स्वतःचा कागद समोर आला की माझा हात लाकडाचा होतो.

गेल्या वर्षी आमच्या मिठागरावर भराव पडला. चार पिढ्यांचं आगर गाडलं गेलं आणि त्याचं एकही चित्र माझ्याकडे नव्हतं. अलिबागच्या प्रदर्शनासाठी ते काढायचंच, असं मी ठरवलं. चित्र द्यायची मुदत गुरुवारी दुपारपर्यंत होती. महिनाभर मी नुसता पांढरा रंग थापत बसले. मीठ कसलं, भिंतीला चुना फासल्यासारखं दिसायचं. सात कागद फाडले.

बुधवारी अक्कल चालवली. ओल्या जलरंगावर मीठ टाकलं की सुरेख दाणेदार ठसे उमटतात. रंग वाळला की मीठ झटकून टाकायचं असतं. मी झटकलं नाही. आमच्या आगरातलं, बरणीत जपलेलं शेवटचं मीठ होतं ते. राहू दे म्हटलं चित्रातच.

गुरुवारी सकाळी बघते तर चित्र घामेजलेलं! सप्टेंबरच्या दमट हवेत मिठाला पाणी सुटलं होतं आणि निळा, राखाडी, पिवळा एकमेकांत ओघळून नुसता चिखल झाला होता. पावसाळ्यात मिठाच्या राशीवर पेंढा घालतात, हे मिठागरवाल्यांच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. मी विसरले. कागद पडवीत भिरकावला आणि मला रडूच कोसळलं.

आवाज ऐकून आई बाहेर आली. जन्म आगरात गेलेली बाई.

"मीठ उघड्यावर ठेवलंस व्हय गो? पानी सुटनारच."

"आई, आता काही बोलू नकोस."

ती वाकून कागद बघत राहिली. "रंग पन बरा झाला. आगराचा तळ असाच दिसायचा, तुडवायच्या आधी."

आणि तिनं लुगडं वर खोचून सरळ चित्रावर पाय दिला.

"आई! काय करतेस?"

"तळ तुडवल्याबिगर मीठ धरतं काय?"

टाच, चवडा, टाच. पाणी घेण्याआधी आगराचा चिखल अशाच तालात तुडवून घट्ट करतात. कागदाचा दोन मिनिटांत लगदा झाला. आई मात्र हसत होती. भराव पडल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. महिनाभर घासून मला रंगांशी जे खेळणं जमलं नाही, ते हिला नुसत्या पायांनी जमत होतं.

"आनखी एक कागद हाय काय?" तिनं विचारलं.

चांगला कागद एकच उरला होता. मुदतीला चार तास होते. मी घड्याळाकडे बघितलं, तिच्या रंगलेल्या पायांकडे बघितलं, आणि दातओठ खात तो कागद जमिनीवर पसरला. रंगाच्या वाट्या त्यावर उपड्या केल्या.

"सरक जरा," मी म्हटलं, "मलाही जागा दे."