टोरिलच्या खटल्याची फाइल

मी नॉर्वेतल्या एका किनारी गावच्या न्यायालयातली जुनी फाइल आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी शांतपणे सांगतात. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे.

टोरिल हाउगसेथ मासळीच्या कारखान्यात काम करायची. बाळंतपणानंतर तिचे मन ढासळले. तिने स्वतःच मदत मागितली. मदतीला आलेल्या बालकल्याण खात्याच्या लोकांनी तिची चार महिन्यांची मुलगी आयरिल उचलून नेली. भेट वर्षातून दोनदा, दोन-दोन तास. मुलगी तीन वर्षांची झाल्यावर याच न्यायालयाने ती दत्तक देऊन टाकली. 'मुलगी आईला ओळखत नाही,' असे कारण माझ्या पानावर आहे. वर्षाकाठी चार तासांत कोण कोणाला ओळखेल?

वरच्या दोन्ही न्यायालयांनी अपील फेटाळले. तेव्हा तिचे वकील, म्हातारे स्वेर्रे म्हणाले, "रडू नकोस, पोरी. देशातली दारं संपली. आता स्ट्रासबर्गचं ठोठावू."

युरोपच्या त्या मानवी हक्क न्यायालयाने पाच वर्षे घेतली. पण निकाल खणखणीत होता: हे नाते तोडताना नॉर्वेने टोरिलवर अन्याय केला.

ती निकाल छातीशी धरून धावत आली. न्यायाधीश ब्रेवोल्ड यांनी चष्मा वर सरकवला.

"बाई, चूक झाली असं ते म्हणतात. मुलगी परत द्या, असं कुठं म्हटलंय?"

"मग चूक सुधारायची कुणी?"

"स्ट्रासबर्गवाल्यांचं काय जातं सांगायला! आता त्या पोरीचं घर मोडायचं का?"

"माझं मोडलंत तेव्हा नाही विचारलंत!"

त्यांनी फेरविचाराचा अर्ज फेटाळला, निकाल माझ्यात टाकला, दोरी आवळली आणि मला तळघरात धाडले. नऊ वर्षे! तो निकाल माझ्या पोटात, आणि वर माणसे निवांत वॅफल खात होती.

गेल्या मार्चमध्ये एक उंच मुलगी आली. दत्तक गेलेल्यांना अठराव्या वर्षी आपले कागद मागता येतात. तिने मला पहिल्या पानापासून वाचले.

"आईला मी नको होते, असंच मला वाटायचं," आयरिल म्हणाली. "हा निकाल इथे कधीपासून आहे?"

"नऊ वर्षं," कारकून बाई पुटपुटल्या.

"आणि मला कुणीच सांगितलं नाही?"

बाईंनी माझ्यातून टोरिलचा पत्ता उतरवून तिच्या हातात दिला.

पुढच्या आठवड्यात ती टोरिलला घेऊन आली. दोघी शेजारी बसून मला वाचत होत्या. मध्येच टोरिलने हात पुढे केला, मग मागे घेतला. अठरा वर्षांच्या मुलीला मांडीवर कसे घ्यायचे, हे तिला कळेना.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला फार जपले. ओल लागू दिली नाही, एक पान फाटू दिले नाही. असली निगा चुलीत घाला! निकाल येईल त्याच दिवशी तो पाळा. मूल लहान आहे तोवर.